अर्धा वॉट आणि उंच जागा

बुधवार, पंचवटी

इगतपुरी-घोटीची भटकंती मागच्या भागात संपली. आता मुक्काम नाशिकला बहिणीकडे. तिच्या ओट्यावरून मिक्सर हटलाय आणि एक्स्टेंशन बोर्डावर चार वॉकीटॉकी ओळीने बसल्यात. प्रत्येकीच्या पायाशी तांबडा दिवा. भाची इंजिनिअरिंगला आहे, शिवाय हॅम म्हणजे हौशी रेडिओची परवानाधारक. या फेरीतल्या सगळ्या किल्ल्यांवर संच न्यायचे हा तिचाच हट्ट.

तिचे चार्जिंगचे नियम घरात सगळ्यांना पाठ झालेत. संच बंद करूनच चार्जरमध्ये ठेवायचा. बॅटरीच्या पाठीमागचे पितळी ठिपके घामाने, धुळीने काळे पडतात. ते कोरड्या फडक्याने पुसायचे, नाहीतर दिवा लागतो आणि आत काहीच भरत नाही. हिरवा दिवा लागला की काढून घ्यायचा. "पूर्ण उतरल्याशिवाय लावू नये" हे बहिणीचं म्हणणं जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातलं. लिथियमला ते लागू नाही, उलट तिला पार उतरवून ठेवणंच बाधतं. महिनोन्‌महिने कपाटात ठेवायची असेल तर अर्धी भरून ठेवावी. आणि उन्हातल्या गाडीत डॅशबोर्डवर तर कधीच नाही.

संध्याकाळी संच घेऊन रामकुंडावर गेलो. भाची कुंडाशी थांबली, मी सरदार चौकातून काळाराम मंदिराच्या बाजूला शिरलो. दोन वळणं गेलो आणि आवाजाच्या चिंध्या झाल्या. दगडी जोत्यांचे वाडे, जाड भिंती, मधे बोळ. मग पार होळकर पुलावर गेलो. अंतर वाढलं होतं, तरी ती शेजारी उभी राहून बोलावी इतकं स्वच्छ ऐकू आलं. रामकुंड तिथून डोळ्यांसमोर दिसत होतं, एवढंच कारण.

याच सरदार चौकात २७ ऑगस्ट २००३ ला, सिंहस्थाच्या शाही स्नानाच्या दिवशी, चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले. त्या उतारावर उभं राहिलं की कळतं, मागून लोटणाऱ्याला पुढे काय चाललंय हे दिसणं शक्यच नाही. मोबाइलवर सहसा एका वेळी एकालाच सांगता येतं, आणि लाखोंच्या गर्दीत टॉवर तुंबला तर तेवढंही नाही. वॉकीटॉकीला टॉवर लागत नाही आणि एकाने बोललेलं त्या चॅनेलवरच्या सगळ्यांना एकदम पोचतं. पण बोळातली ती भिंत वॉकीटॉकीलाही चुकत नाही. वळणावळणावर माणूस उभा केल्याशिवाय संचांचा ढीग असून उपयोग नाही. पुढचा सिंहस्थ २०२६-२७ चा आहे आणि हे बोळ तेव्हाही एवढेच रुंद असणार.

गुरुवार, रामशेज

पेठ रस्त्याने आशेवाडी. वाटेत द्राक्षांच्या बागा, कागदात गुंडाळलेले घड. किल्ला बुटका. पण १६८२ पासून मोगली फौजांना याने वर्षानुवर्षं झुलवलं. शहाबुद्दीन खानासारखा सरदार इथे हात चोळत बसला होता.

वरून नाशिक पसरलेलं दिसतं. समोर देहेर आणि भोरगड ही जोडी. भोरगडावर हवाई दलाचं केंद्र आहे, सामान्यांना मज्जाव. उंच जागेची किंमत त्यांनाही ठाऊक आहे.

बहिणीला घरी गच्चीवर उभं केलं होतं. संच अर्ध्या वॉटचा, म्हणजे शून्याच्या बल्बला लागते त्याहूनही कमी ताकद.

"ताई, ऐकू येतंय का? ओव्हर."

"येतंय की! जेवायला कधी येताय?" पुढे 'ओव्हर' नाही, बटणही सोडलेलं नाही. मग बराच वेळ आम्ही गच्चीवरचे कावळे आणि खालच्या भाजीवाल्याची हाळी ऐकत बसलो. एकाने बटण दाबून ठेवलं की बाकीच्यांची तोंडं बंद, हा या यंत्राचा स्वभाव.

दुकानात खोक्यावर '१० किलोमीटर' छापलेलं असतं. ते खोटं नाही, पण अर्धवट आहे. या लाटा बहुतांशी सरळ जातात. सपाट मैदानात हातात संच धरून उभ्या असलेल्या माणसाचं रेडिओ-क्षितिज साधारण ५ किलोमीटरवर येतं. दोघे असे उभे असतील तर दोहोंचे मिळून १०, तेही मधे झाड-घर काही नसेल तर. हाच माणूस १०० मीटर उंचीवर चढला की त्याचं क्षितिज ४१ किलोमीटरवर जातं. म्हणून जास्त वॉटचा संच घेण्याआधी टेकाड बघावं. काल पंचवटीत दोन बोळांपलीकडे न पोचलेला हाच संच आज अख्खं शहर ओलांडून बहिणीच्या जेवणाच्या चौकशीपर्यंत पोचला.

शुक्रवार, त्र्यंबक

दर्शनाची रांग लांब. रांगेत मागच्या एका गृहस्थांनी विचारलं, "याला लायसन लागतं का हो?"

लागतं आणि नाहीही. भाचीने त्यांना समजावलं ते असं : ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्‌झ या पट्ट्यातले कमी ताकदीचे संच २०१८ च्या नियमांनुसार परवान्याविना वापरता येतात. मात्र त्या मॉडेलला केंद्राच्या डब्ल्यूपीसी विभागाची मान्यता हवी. ऑनलाइन स्वस्तात मिळणारे, वाट्टेल त्या फ्रिक्वेन्सीवर बोलू देणारे संच त्यात बसत नाहीत. विकत मिळाले म्हणून कायदेशीर होत नाहीत. तिचा स्वतःचा ५ वॉटचा संच १४४ ते १४६ मेगाहर्ट्‌झचा, हॅमचा. त्याला परीक्षा द्यावी लागते. वयाची १२ वर्षं पूर्ण असली की बसता येतं. वरच्या श्रेणीला मोर्सची लिपीही येते.

गृहस्थ म्हणाले, "म्हणजे तुमच्या मामांना तो हातात घेऊन बोलता येणार नाही."

"मामाला अर्धा वॉट पुरे," भाची म्हणाली.

शनिवार, हर्षेवाडी-हरिहर

हरिहरच्या पायऱ्यांवरच्या गर्दीचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेत. प्रत्यक्षात ते बरंच वाईट आहे. कातळात खोदलेला, जवळजवळ उभाच जिना. पायऱ्यांना हात रोवायला दोन्ही कडांना खोबण्या. रुंदी एका माणसाची. वर जाणारा आणि खाली येणारा मधे भेटले की दोघांपैकी एकाने कड्याकडे सरकायचं. सुट्टीच्या दिवशी तिथे पन्नास-पन्नास माणसं खोळंबलेली असतात आणि वरच्याला खालचं दिसत नाही.

आमच्या गटात शाळकरी मुलं होती, म्हणून भाचीने आधीच माणसं नेमली. एक संच जिन्याच्या पायथ्याशी एका मुलाकडे, एक माथ्यावर तिच्याकडे. मला पहिल्या दरवाजात बसवलं. मी विचारलं, मधे कशाला? तर दरवाजा ओलांडला की वाट कड्याच्या पोटातून आडवी वळते आणि मग पुढच्या पायऱ्या लागतात. माथा आणि पायथा यांच्या मधे अख्खा डोंगर. पायथ्याचा आवाज माथ्यावर पोचेना, पण दरवाजातून मला दोन्हीकडचं ऐकू येत होतं. माझं काम निरोप्याचं.

इथे बोलायची पद्धत नीट शिकायला मिळाली. बटण दाबायचं, एक क्षण जाऊ द्यायचा, मग बोलायचं. लगेच बोललं तर पहिलं अक्षर गिळलं जातं. संच तोंडापासून चार बोटं लांब, अँटेना उभी. ओरडायचं नाही, ओरडलं की आवाज फाटतो. वाऱ्याकडे पाठ. आणि वाक्य संपल्यावरही क्षणभर बटण दाबलेलं राहू द्यायचं.

हे शेवटचं मराठीत बोलणाऱ्याने फार जपावं. पायथ्याच्या मुलाने एकदा मला "आता सोडू नका" असं सांगितलं आणि सवयीने बटण लवकर सोडलं. माझ्यापर्यंत आलं ते "आता सोडू…". आपला नकार वाक्याच्या शेपटीला असतो, आणि शेपटीच कापली गेली. मी "परत सांग" म्हटलं म्हणून बरं. भाचीने तिथल्या तिथे नियम केला : 'सोडू नका', 'येऊ नका' बंद. फक्त दोनच शब्द, 'थांबवा' आणि 'पाठवा'. ऐकणाऱ्याने तो शब्द उलट म्हणून दाखवायचा, मगच माणूस हलवायचा.

दुपारी एक बाई जिन्याच्या मध्यावर गोठल्या. वर जाईनात, खाली येईनात. मी दोन्हीकडे "थांबवा" पाठवलं. वरून "थांबवलं", खालून "थांबवलं". मागची रांग कुरकुरली, एका पोराने शिट्टी मारली. पण जिना मोकळा झाला, आणि गावातला वाटाड्या शांतपणे त्यांच्या मागे जाऊन एकेक पाय खोबणीत ठेववत त्यांना उतरवून आला. संचावर त्या वेळात कोणी एक शब्द बोललं नाही. वॉकीटॉकीवाल्या हौशी गटांत नेमकं हेच जमत नाही, कुणीतरी "काय झालं, काय झालं?" विचारत चॅनेल अडवतोच.

रविवार, साल्हेरवाडी

दिवस प्रवासात गेला. सटाण्यात कांद्याचे ट्रॅक्टर, ताहाराबादला चहा. रात्री वाडीत वीज गेलेली. भाचीने पॉवर बँक काढली. नव्या संचांना मोबाइलचीच वायर चालते, ही मोठी सोय. चार्ज पुरवून वापरायचा तर कमी बोलावं. ऐकत राहण्यात बॅटरी किरकोळ जाते, बटण दाबून बोलण्यात खरी. कंपन्या बॅटरीचे तास सांगतात तेव्हा शंभरातला पाच भाग बोलणं, पाच भाग ऐकणं आणि नव्वद भाग नुसतं गप्प राहणं असा हिशेब धरलेला असतो. घरच्या आजींनी चार्जरचा दिवा बघून विचारलं, "हाई काय शे?" भाचीने संच त्यांच्या हातात दिला आणि अंगणात जाऊन त्यांना हाक मारली. आजींनी संच कानाला लावला नाही, सरळ अंगणाकडे बघून ओरडून उत्तर दिलं. ते संचाशिवायही पोचलं.

सोमवार, साल्हेर

१५६७ मीटर. महाराष्ट्रात याहून उंच फक्त कळसूबाई. किल्ल्यांत मात्र हाच सर्वांत उंच. १६७२ ची साल्हेरची लढाई याच्या पायथ्याची. प्रतापराव गुजर आणि मोरोपंत पिंगळ्यांनी मोगलांना उघड्या मैदानात हरवलं आणि सूर्यराव काकडे पडले. २०२५ मध्ये युनेस्कोने काही मराठा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यात हा आहे.

परशुरामाच्या पादुकांशी वारा उभं राहू देईना. सालोटा खाली, मांगी-तुंगी, मुल्हेर, हरगड, मोरा. भाचीने तिचा संच काढला, अँटेना घट्ट आहे ना ते पाहिलं (अँटेनाशिवाय बटण दाबलं तर संच जळू शकतो), आधी ऐकलं, मग हाक दिली. थोड्या वेळाने मालेगावच्या बाजूच्या एका हॅमचं उत्तर आलं. तोही घराच्या गच्चीवर होता. आवाज किती स्पष्ट, ताकद किती, अँटेना कोणती, वारा किती, असं पाच मिनिटं चाललं.

वाटाडे मामा शेजारी बसून ऐकत होते. म्हणाले, "मालेगावला कांदा काय भाव गेला, विचार ना पोरी."

"नाही विचारता येत मामा. यावर धंद्याचं बोलायला बंदी आहे."

"मंग बोलतात काय तुम्ही लोक?"

"आवाज कसा येतोय, ते."

मामांनी तंबाखू झटकली आणि खिशातून स्वतःचा मोबाइल काढला. माथ्यावर रेंज होती. त्यांनी मालेगावच्या आडत्याला फोन लावला आणि भाव विचारून घेतला.

पुढच्या भागात मुल्हेर आणि मोरा.