राणीछाप रुपयांची वाटणी

आजीची तेरवी झाली त्या संध्याकाळी मूर्तिजापूरच्या घरात बाबांनी तिचा पत्र्याचा डबा उघडला. आत चांदीचे अठरा रुपये निघाले. वाटेकरी तिघं : बाबा, थोरली आत्या, धाकटी आत्या. "सहा-सहा-सहा," बाबा म्हणाले. कुणाची ना नव्हती. मीच मध्ये तोंड घातलं, "एक रात्र माझ्याकडे राहू द्या. सगळे रुपये सारखे नसतात."

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. वरून सारख्या दिसणाऱ्या दोन गोष्टींत एका टिंबाचा फरक शोधणं हे माझं रोजचं काम. जुन्या नाण्यांचा नाद लागला तोही याच वळणाचा. चांदीची चकती दोन ठशांमध्ये दाबली की दोन्ही बाजू उमटतात आणि भोवतीच्या कड्यामुळे तिच्या कडेला दाते पडतात. ठसे झिजतात, बदलतात, आणि प्रत्येक नवा ठसा काहीतरी वेगळं मागे ठेवतो. मला ते 'काहीतरी' बघायला आवडतं.

त्या रात्री टेबललॅम्पखाली भिंग लावून बसलो. राणीछाप रुपयांवर साल होतं १८६२. पण त्यावर लगेच विश्वास ठेवायचा नसतो. १८७४ मध्ये खरं साल परत येईपर्यंत सरकारनं नव्या रुपयांवरही १८६२ च छापलं. मुंबईच्या टांकसाळीनं मात्र बारीक टिंबं घातली आणि जाणकार ती मोजून खरं साल ठरवतात. आजी दर धनत्रयोदशीला हे रुपये चिंच आणि राखेनं घासायची. माझी टिंबं त्यातच गेली होती.

एक रुपया १९११ चा निघाला. पंचम जॉर्जच्या झग्यावरच्या हत्तीची सोंड त्या ठशात इतकी आखूड की लोकांना ते डुक्कर वाटलं. ओरड झाली, नाणी परत घेतली गेली, १९१२ पासून ठसा बदलला. आमच्या रुपयावर हत्तीही उरला नव्हता आणि डुक्करही, नुसता उंचवटा होता. पण साल शाबूत होतं, आणि किंमत सालालाच.

शेवटचे दोन १९४४ चे. वजन इतरांसारखंच, ११.६६ ग्रॅम, म्हणून तराजूला फरक कळत नाही. आधीच्या रुपयात चांदी सुमारे ९२ टक्के, म्हणजे १०.६९ ग्रॅम. महायुद्धात, १९४० पासून, ती निम्म्यावर आली : ५.८३ ग्रॅम. फरक कडेवर दिसतो. या नव्या रुपयांच्या दात्यांमधून गोल खाच फिरवलेली असते, नक्कल करणाऱ्याला जड जावं म्हणून.

कडाच बघत होतो तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. पाच राणीछाप रुपयांचे दाते एकाच जागी, राणीच्या डोक्यावर, कानशीनं घासलेले होते आणि तिथे डाखाचा करडा ठिपका होता. कधीकाळी कडी लावून ते गळ्यात घातलेले होते. अशा नाण्याला संग्राहक चांदीच्या भावापलीकडे काही देत नाही. मी एक्सेलमध्ये त्या पाचांसमोर लिहिलं, 'दोष : कडेला डाग'. कोणाच्या गळ्यातले, हा प्रश्न मला पडला नाही. रात्री दोनपर्यंत किमती जुळवून तीन बरोबरीचे वाटे केले. डागाचे रुपये तिन्ही वाट्यांत वाटून टाकले.

सकाळी लॅपटॉप सगळ्यांसमोर ठेवला. धाकटी आत्या कौतुकानं बघत होती. थोरलीनं पडद्याकडे पाहिलंच नाही. तिनं एकेक रुपया उचलला, कडेवरून नख फिरवलं आणि माझे वाटे मोडून पाच रुपये बाजूला काढले.

"आत्या, ते डागाचे आहेत."

"डाग नाही रे बापू. माहा डाग हाये तो. लग्नातल्या माळेचा."

आठ रुपयांची माळ होती. लग्नानंतर वर्षभरात १९७२ चा दुष्काळ पडला. माहेरी आली तेव्हा घरात दाणा नव्हता. जाताना तिनं माळ आजीच्या हातात ठेवली. आजीनं कड्या काढून तीन रुपये मोडले, पाच राहिले. पुन्हा माळ करायची ऐपत आली तेव्हा आत्याच्या पोरींचीही लग्नं झाली होती. ती कधी मागायला आली नाही.

बाबा त्या वर्षी सात वर्षांचे होते. "मले माहीतच नव्हतं," ते म्हणाले. मग बराच वेळ कुणी बोललं नाही.

बाबांनी हत्तीचा रुपया त्या पाचांवर ठेवला. आत्यानं तो परत सरकवला आणि निम्म्या चांदीचा एक उचलून सहा पुरे केले. वाटणी सहा-सहा-सहाच झाली, बाबा आदल्या दिवशी म्हणाले होते तशी. माझ्या हिशेबात तिचा वाटा सगळ्यांत हलका होता. मी लॅपटॉप बंद केला.

अजूनही रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात जातो. राणीछाप रुपया हाती आला की पूर्वी आधी टिंबं शोधायचो. आता आधी कड बघतो. ते तीन रुपये तेव्हाच कुठेतरी वितळले असणार, हे कळतं मला. तरी बघतो.