एजोबाची जुडी

काही वर्षांपूर्वी शुभ शुक्रवारच्या इंग्रजी उपासनेची तालीम नागपुरातील आमच्या धर्मग्रामात चालली होती. योहानाच्या शुभवर्तमानातील दुःखसहनाचे वाचन रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांकडे होते. आंबेने भिजवलेला स्पंज ज्या वनस्पतीवर बसवून प्रभूच्या मुखाशी नेला, तिचे नाव त्यांनी ‘हायसॉप’ असे उच्चारले. आम्ही तत्काळ टोकले, “हायसॉप नव्हे, हिसप!” तरुण मंडळी हसली. त्यांनी पुस्तक शांतपणे मिटले व म्हणाले, “फादर, हे वाचन आपण दुसऱ्या कोणाला द्यावे.”

उच्चारांचा हा अभिमान आम्हांला सेमिनरीत जडला. डॅनियल जोन्स यांचा १९१७ साली प्रथम निघालेला उच्चारकोश तेथे आमच्या उशाशी असे. ‘शिधा’ या अर्थाचा एक इंग्रजी शब्द ‘व्हिक्चुअल्स’ असा दिसतो, पण म्हणावयाचा ‘व्हिटल्स’. लॅटिन मूळ दाखविण्यासाठी पंडितांनी त्यात मागाहून अक्षरे घातली. लोकांच्या जिभेने ती मानली नाहीत. अशा गोष्टी ठाऊक असणे म्हणजेच विद्या, असे आम्हांस वाटे.

त्या रात्री अस्वस्थ मनाने आम्ही टीकाग्रंथ उघडला. मूळ हिब्रू शब्द ‘एझोव’. ग्रीकमार्गे इंग्रजीत येताना तो पुष्कळ बदलला. आपल्या मराठी बायबलातील ‘एजोब’ त्याहून मुळाला कितीतरी जवळ. शिवाय युरोपात ज्याला हिसप म्हणतात, ते झुडूप पवित्र भूमीच्या रानात उगवतच नाही. शास्त्रातील एजोब म्हणजे मरव्याच्या कुळातील सुगंधी रानझुडूप असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. उच्चार आम्हांस येत होता. वनस्पती मात्र ठाऊक नव्हती!

आमच्या शहराचे कॅथेड्रल संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाचे. त्यांच्या सव्हॉय प्रांतात ते नाव ‘साल’ असे उच्चारतात. आम्ही प्रवचनांतून वर्षानुवर्षे ‘सेल्स’ म्हणत आलो. कोणी हसले नाही. १९२३ साली लेखक-पत्रकारांचे आश्रयदाते म्हणून घोषित झालेल्या या सौम्य संताने एका मूकबधिराला खाणाखुणांनी धर्मशिक्षण दिले होते. तेथे उच्चार कोठे होता?

एजोब ही शुद्धीकरणाची वनस्पती. वल्हांडणाच्या रात्री इस्राएल लोकांनी तिच्याच जुडीने कोकराचे रक्त दाराच्या चौकटीला लावले. ती जुडी आम्ही मात्र छडीसारखी वापरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्यांच्या घरी जाऊन क्षमा मागितली व एजोबाची ही हकिकत सांगितली. त्यांच्या पत्नी आतून म्हणाल्या, “अगोबाई, मरव्यातलाच का तो! आमच्या कुंडीत आहे की!” काका हसले. त्यांनी मरव्याची दोन पाने चुरून आमच्या तळहातावर ठेवली.

त्या शुक्रवारी वाचन त्यांनीच केले. त्या शब्दापाशी ते क्षणभर थांबले आणि पुढे ‘हायसॉप’ असेच स्पष्ट म्हणाले. आम्ही मान लववली.