शुक्रवारचा बाजार आणि 'ख्वाडा'

शुक्रवार. सकाळपासून घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात होतो. घ्यायचं काही नव्हतं, विकायचंही नव्हतं. पण कथा अडली की मी इथेच येतो. म्हशींचं रेकणं, टेम्पोचे हॉर्न, चहाच्या गाड्यावरची हाकाहाक. रुमालाखाली दोन हात गेले, बोटांनी भाव ठरला, तोंडातून शब्द नाही. विकलेल्या म्हशीच्या कपाळावरून एक म्हातारा हात फिरवत राहिला. नोटा मोजायला त्यानं पोराकडे दिल्या. एवढं वहीत उतरवलं आणि अडलेली कथा हलली.

असं बघायला, त्याहून जास्त ऐकायला, मला सिनेमानं शिकवलं. 2015 साली नगरला 'ख्वाडा' पाहिला. दिग्दर्शक भाऊराव कऱ्हाडे आपल्याच जिल्ह्यातले. गोष्ट मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडणाऱ्या धनगर कुटुंबाची. प्रत्यक्ष जागेवर केलेल्या ध्वनिमुद्रणासाठी या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि तो किती योग्य होता हे थिएटरच्या अंधारात कळतं. मेंढरांचा, वाऱ्याचा, माणसांच्या बोलण्याचा आवाज अंगावर येतो. मोबाईलवर तो तसा येत नाही. आपल्या बांधापलीकडचं जगणं पडद्यावर मावतं, तर कागदावर का मावणार नाही, असं त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

गावाकडच्या लिहित्या पोरापोरींनो, सिनेमा थिएटरात जाऊन पाहा. आणि शुक्रवारी घोडेगावला या, वही घेऊन, सकाळी लवकर.