चोर सोडून संन्याशाला फाशी

मराठी शाळेच्या बाईंनी यंदा पालकांनाही अंकासाठी लिहायला सांगितलं. विषय कोणताही चालेल म्हणाल्या. गणपती, दिवाळी, भारतभेट यांवर इतर मंडळी माझ्यापेक्षा चांगलं लिहितील. मी आपला गाडीतल्या वायरींवर लिहितो. मुलांना त्यातून थोडी वीज समजेल. पालकांना काय समजेल, ते शेवटी येईलच.

आमच्याकडे २००७ सालची एक गाडी आहे. घरात तिला 'म्हातारी' म्हणतात. चिरंजीवांना लायसन्स मिळालं आणि म्हातारी त्यांच्या ताब्यात गेली. तिच्या जुन्या रेडिओला फोन जोडायची सोय नव्हती, आणि आवाज वाढवला की मागचे स्पीकर फाटल्यासारखे वाजायचे. चिरंजीवांनी उन्हाळ्यात पोहण्याच्या तलावावर नोकरी करून पैसे साठवले होते. थँक्सगिव्हिंगच्या सेलमध्ये त्यांनी नवा रेडिओ, ३०० वॅटचा ॲम्प्लिफायर आणि डिकी भरून जाईल एवढा सबवूफरचा खोका आणला. मी कुरकुर सुरू करताच त्याची आई म्हणाली, "पैसे त्याचे आहेत. मदत करायची तर कर, नाहीतर गप्प बस." मी मदत करायचं ठरवलं.

दोन दिवस आम्ही गॅरेजात होतो. ३०० वॅट म्हणजे जोरात वाजताना साधारण २५ ते ३० अँपिअर करंट. तो रेडिओच्या बारीक वायरीतून आणता येत नाही, म्हणून थेट बॅटरीपासून डिकीपर्यंत जाड वायर टाकली. बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज बसवला. मुलांनो, हा फ्यूज ॲम्प्लिफायरसाठी नसतो, वायरीसाठी असतो. वायर कुठे घासून पत्र्याला टेकली, तर बॅटरीतला सगळा करंट तिच्यातून धावेल आणि ती पेट घेईल. फ्यूज जवळ असला की तो आधी वितळतो आणि गाडी वाचते. आवाजाची वायर आम्ही मुद्दाम गाडीच्या दुसऱ्या बाजूने नेली, कारण करंटच्या वायरीला खेटून गेली तर ती खरखर पकडते.

सगळं जोडलं, गाडी सुरू केली, आणि गाण्यामागे एक सूर ऐकू येऊ लागला. मला वाटलं, कुठे तंबोरा लागलाय. पण हा तंबोरा विचित्र होता. ॲक्सिलरेटर दाबला की सूर चढायचा, सोडला की उतरायचा. ही गुणगुण गाडीच्या अल्टरनेटरची. अल्टरनेटर बॅटरी चार्ज करतो, पण त्याच्या करंटमध्ये बारीकशी लहर शिल्लक राहते. ॲम्प्लिफायरमधून करंट परत जातो तो गाडीच्या पत्र्यातून, म्हणजे अर्थिंगमधून. ती वाट खराब असली तर थोडा करंट आवाजाच्या वायरीतून वाट काढतो आणि ती लहर गाण्यात मिसळते.

मी म्हणालो, "स्वस्तातला माल आणलास की असंच होणार." चिरंजीव काही बोलले नाहीत. त्यांनी मल्टिमीटर घेतला, लांब वायर लावून एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं ॲम्प्लिफायरच्या अर्थिंगला टेकवलं. गाणं मोठ्याने लावल्यावर मीटरवर ०.६ व्होल्ट दिसले. ते जवळजवळ शून्य हवे होते. अर्थिंगचा नट आम्ही रंगवलेल्या पत्र्यावर आवळला होता आणि रंगातून करंट जात नाही. पॉलिशपेपरने रंग खरवडून चकचकीत पत्रा उघडा केला, नट पुन्हा आवळला, आणि तंबोरा बंद. मालाचा काही दोष नव्हता. तेव्हाच मी शहाणा व्हायला हवं होतं.

पुढच्या बुधवारी मी म्हातारी घेऊन दुकानात गेलो. फोनवरून गाणं लावलं तर सबवूफर मुका. रेडिओ लावला की वाजायचा. ॲम्प्लिफायरला 'जागा हो' असं सांगणारी एक बारीक वायर रेडिओकडून येते. ती चिरंजीवांनी निळ्या वायरीला जोडली होती. मी घरी येऊन रेडिओ बाहेर ओढला, मीटर लावून पाहिला, आणि पिवळ्या वायरीवर कायम १२ व्होल्ट आहेत असं दिसल्यावर ती बारीक वायर पिवळीला जोडून टाकली. पाच मिनिटांत काम झालं. फोनवरची गाणीही वाजू लागली. मी स्वतःवर फार खूश झालो आणि कोणालाही काही सांगितलं नाही.

शनिवारी सकाळी चिरंजीवांची कॉलेज प्रवेशासाठीची एस.ए.टी. परीक्षा होती. शुक्रवारी बर्फामुळे शाळा बंद, म्हणून गाडी गुरुवार संध्याकाळपासून दारात उभी होती. त्या पहाटे आमच्या शिकागोकडच्या उपनगरात शून्याखाली १० अंश होते. पावणेसातला चिरंजीवांनी किल्ली फिरवली. टक् एवढाच आवाज आला. दिवेसुद्धा लागेनात. दुसरी गाडी घेऊन त्याची आई रात्रपाळीला गेली होती. समोरचे शेजारी पायजम्यावर कोट चढवून जंपर केबल घेऊन आले. म्हातारी सुरू झाली तेव्हा पावणेआठ वाजून गेले होते. आठला परीक्षेचं दार बंद होतं. आम्ही आठ वाजून दहा मिनिटांनी पोचलो.

परत येताना मी जे बोललो ते इथे सगळं लिहीत नाही. "ढणढणाटासाठी परीक्षा घालवलीस" आणि "ते डबडं आजच्या आज कचऱ्यात टाक" ही त्यातली सौम्य वाक्यं. तो खिडकीबाहेर पाहत होता. एकदाही उलट बोलला नाही.

दुपारी खिडकीतून पाहिलं तर चिरंजीव बॉनेट उघडून उभे. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून त्यांनी मध्ये मीटर जोडला होता. गाडी बंद केल्यावर तिच्या आतल्या यंत्रणा झोपायला थोडा वेळ घेतात, म्हणून तो अर्धा तास तसाच थंडीत थांबला. झोपलेल्या गाडीने ०.०५ अँपिअरच्या आत करंट घ्यावा. मीटर १.१ दाखवत होता. त्याने ॲम्प्लिफायरचा फ्यूज काढला, आकडा ०.०३ वर आला. मला वाटलं, सापडला चोर! डबडंच ते!

पण तो तिथे थांबला नाही. ॲम्प्लिफायर रात्रभर जागा का राहतो, हे त्याला पाहायचं होतं. त्याने रेडिओ बाहेर काढला. थोड्या वेळाने घरात येऊन हळूच म्हणाला, "बाबा, जरा बाहेर येतोस? ही वायर पिवळीला तू जोडलीस का?"

पिवळी वायर घड्याळासाठी आणि लावलेली स्टेशनं लक्षात ठेवण्यासाठी असते. किल्ली काढली तरी ती चालूच. तिला जोडल्यामुळे ॲम्प्लिफायर बुधवारपासून एक क्षणही झोपला नव्हता. त्याचा दिवा खोक्यामागे असल्याने कोणाला दिसलाही नाही. गुरुवार संध्याकाळ ते शनिवार सकाळ म्हणजे ३८ तास, सतत १.१ अँपिअर. हिशेब करून पाहा: ६० अँपिअर-तासांच्या बॅटरीतले ४२ गेले. त्यात थंडीने बॅटरीचा जोर आणखी कमी झालेला. ती सुरू होणार कशी?

मी तिथे बर्फात उभा राहिलो. आमच्या घरी वडिलांनी मुलांची माफी मागितल्याचं मी कधी पाहिलं नाही. वडिलांचं काही चुकलं तर ते संध्याकाळी गरम जिलबी आणायचे आणि आम्ही समजून घ्यायचो. इथे एवढ्या बर्फात जिलबी कुठून आणणार? शब्दच वापरावे लागले. मी म्हणालो, "जोडली मीच. परीक्षा माझ्यामुळे गेली. गाडीत तुला बोललो ते चुकलं." मराठीत एवढं बोलायला मला बराच वेळ लागला.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मीपण चुकीच्या निळीला जोडली होती." खरंच, रेडिओला दोन निळ्या वायरी होत्या. नुसती निळी मोटरवर चालणाऱ्या अँटेनासाठी. ती आमच्या रेडिओत फक्त रेडिओ लावल्यावर जागी होते. निळी-पांढरी पट्ट्याची ॲम्प्लिफायरसाठी. दोघांनी मिळून बारीक वायर निळ्या-पांढरीला जोडली आणि पुन्हा मीटर लावला. गाडी झोपल्यावर ०.०३. बॅटरी रात्रभर चार्जरवर ठेवली. सकाळी १२.६ व्होल्ट, म्हणजे पूर्ण भरलेली.

मुलांनो, यातून तुमच्यासाठी तीन गोष्टी. फ्यूज बॅटरीजवळ लावा. अर्थिंग उघड्या पत्र्याला करा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, म्हणजे बिघाड झाला तर कुठून आला ते कळतं. कुठलीही वायर बदललीत तर घरात सांगा. बॅटरीशी काम मात्र मोठ्यांना बरोबर घेऊनच करा.

पालकहो, तुमच्यासाठी एकच. मुलांच्या आवाजाचा त्रास होतो, म्हणून प्रत्येक बिघाड त्या आवाजाच्या नावावर लिहू नये. मी दोनदा लिहिला आणि दोन्ही वेळा चुकलो. त्याने दोन्ही वेळा आधी मोजलं.

परीक्षा त्याने मार्चमध्ये दिली. म्हातारी पहिल्या किल्लीला सुरू झाली. सबवूफर अजून डिकीतच आहे. त्याच्यावर तबल्याचा डग्गा फार सुंदर ऐकू येतो, हे कबूल करायला मात्र मला दोन महिने लागले.

— एक पालक