पहारा

पाळत ठेवणे वाईट खरे, पण त्यात एक गोडी असते, हे मी आधीच कबूल करून टाकतो. आमची आजी ओसरीवर वाती वळीत बसे. वाड्यात कोण आले, कोण गेले, तिच्या नजरेतून काही सुटत नसे. माझ्या संगणकातही अशी एक आजी आहे: लिनक्सचा कर्नल. फाईल उघडायची तर ती याच कारभाऱ्याच्या हातून. तेव्हा कोणती फाईल उघडली हे त्याला आपसूक कळते. प्रश्न एवढाच, की त्याने ते इतरांना सांगावे कसे?

२००१ सालच्या २.४ आवृत्तीतले डीनोटिफाय नुसती हाक मारी: या खोलीत काहीतरी झाले! कोणत्या फाईलीचे, ते आपण धुंडाळायचे. २००५ साली इनोटिफाय आले. ते नाव घेऊन सांगते: उघडली, वाचली, बदलली, मिटली.

मी ते माझ्या रोजनिशीवर लावले. सकाळी पाहतो तो नोंद: रात्री दोन वाजता उघडली, वाचली, काही न लिहिता मिटली. दुसऱ्या रात्रीही तेच. परीक्षेसाठी मुलगी जागत होती. मी तिला नको ते बोललो. "बाबा, मी कशाला वाचू?" एवढेच म्हणून ती ताटावरून उठली.

त्या रात्री मी जागलो. दोन वाजता मुलगी गाढ झोपलेली, आणि रोजनिशी मात्र उघडली! मग आठवले. फाईलींच्या प्रती काढणारा प्रोग्रॅम दोनच्या ठोक्याला मीच लावून ठेवला होता. इनोटिफाय काय झाले ते सांगते, कोणी केले ते सांगत नाही. ती रिकामी जागा माझ्या संशयाने भरली होती.

कोणी, हे सांगणारे फॅनोटिफायही आहे. २०११ सालच्या २.६.३७ आवृत्तीपासून ते वापरता येते. ते उघडणाऱ्या प्रोग्रॅमचा क्रमांक देते. सांगितले तर परवानगी मिळेपर्यंत त्याला दाराशी ताटकळतही ठेवते. विषाणू शोधणाऱ्यांना ते फार उपयोगी. मी ते लावले नाही. होता तो पहाराही उठवला. आजी सगळे पाही, पण आळ घेण्याआधी विचारी. मी तेवढेच विसरलो होतो.

सकाळी मुलीला म्हटले, "चुकले माझे."

ती म्हणाली, "मग आता दाखवा बघू, एवढं लिहिलंय तरी काय त्यात!"