दोऱ्याने मोजलेला रस्ता

मराठीतील 'नकाशा' आणि उर्दूतील 'नक्शा' हा मुळात एकच शब्द. त्यामुळे माझ्या विद्यार्थ्यांना तो शिकवावा लागत नाही. नकाशा वाचायला मात्र शिकवावा लागतो. नकाशा म्हणजे भिंतीवर टांगलेला कागद आणि त्यात राजधान्या शोधायच्या, एवढीच पुष्कळांची समजूत असते.

आमच्या तुमसरपासून सुमारे 13 किलोमीटरवर अंबागडचा किल्ला आहे. देवगडचा राजा बख्त बुलंद शाह याच्या काळात, सुमारे 1700 साली, राजा खान पठाण याने तो बांधला. नववीच्या वर्गाने सप्टेंबरात सायकलींवरून तेथे जायचे ठरवले. वर्गात 9 मुली होत्या. त्यांतील 7 जणींना घरून परवानगी नव्हती. "कोणत्या रस्त्याने जाणार? परत केव्हा येणार?" हे वडिलांचे प्रश्न होते, आणि ते अगदी रास्त होते. नुसते "सर बरोबर आहेत" हे काही त्यांचे उत्तर नव्हे.

मी भारतीय सर्वेक्षण विभागाचा स्थलनिर्देशक नकाशा वर्गात आणला. या विभागाच्या मोठ्या मोजणीचे काम 1802 साली विल्यम लॅम्बटनने मद्रासकडे सुरू केले. मोजत मोजत तो उत्तरेकडे येत राहिला आणि 1823 साली आपल्याच विदर्भात, हिंगणघाट येथे वारला. फोनवर आज तयार रस्ता मिळतो, हे खरे. पण का आणि कसा, हे तो सांगत नाही. म्हणून मी फोन खिशातच ठेवला.

नकाशाचे प्रमाण 1:50,000 होते, म्हणजे 2 सेंटिमीटरला 1 किलोमीटर. रस्ता वाकडातिकडा असतो, तेथे पट्टी उपयोगाची नाही. मुलींनी शिवणाचा दोरा घेतला, तो वळणावळणाने रस्त्यावर ठेवला आणि मग सरळ करून मोजला. एक गाडीवाट 6 सेंटिमीटरने, म्हणजे 3 किलोमीटरने कमी भरली. मुले खूश झाली. "सर, इकडूनच जाऊ!"

"आधी सूची वाचा," मी म्हणालो.

ती वाट धानाच्या बांध्यांतून जात होती आणि तीन काळ्या रेघा ओलांडत होती. या नकाशात पाणी असलेला प्रवाह निळा असतो, वर्षाचा बराच काळ कोरडा राहणारा नाला काळा. पुढे डोंगरावर तपकिरी समोच्चरेषा दाटीवाटीने आल्या होत्या. दोन रेषांमध्ये 20 मीटरची चढण. रेषा जितक्या जवळ, तितका चढ उभा. तेथे सायकली खालीच ठेवाव्या लागणार होत्या.

एका मुलीने हे सारे वहीत उतरवले. ताशी 8 किलोमीटर धरून जायला पावणेदोन तास, सहाच्या सुमारास सूर्यास्त, म्हणून तीनच्या आत परत निघायचे. नकाशा घेऊन ती घरी गेली. तिचे अब्बा राईस मिलचा ट्रॅक्टर चालवतात. शाळा त्यांनी चौथीत सोडलेली. पण तालुक्यातील रस्ते त्यांना तोंडपाठ.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः शाळेत आले. नकाशावर बोट ठेवून म्हणाले, "सर, हे नाले कोरडे म्हणून काळे दाखवलेत, असं पोरगी सांगते. सप्टेंबरात येथे कमरेएवढं पाणी असतं. मोठ्या रस्त्यानेच न्या." मग बोट थोडे सरकवून म्हणाले, "आणि हे वळण आता राहिलं नाही. येथे सरळ डांबरी रस्ता झालाय. तुमचा नकाशा जुना आहे."

मुलीने पेन्सिल पुढे केली. नकाशावर खूण करावी की नाही, म्हणून ते क्षणभर थांबले, आणि मग त्यांनी एक ठळक रेघ ओढली. खाली तिने सालासह लिहिले: 'अब्बांनी सांगितलेला रस्ता.'

सहलीला सर्व 9 मुली आल्या. पुढच्या वर्षी आणखी एका मुलीच्या वडिलांनी त्या रेघेजवळ पिण्याच्या पाण्याची एक विहीर दाखवून दिली. तीही आता पेन्सिलीने नकाशावर आहे.