भाऊ कुठाय?

गेल्या दिवाळीत एक कथा लिहिली. म्हणजे, लिहिली असं मला वाटत होतं. नायिका स्वतःच बोलतेय. बीएस्सी झालेली, पुढे शिकायचं होतं, लग्न झालं, आता नाशिकला संसार... वगैरे वगैरे. ही कोण ते आमच्या घरात कुणीही ओळखलं असतं, म्हणून नाव बदललं आणि माहेर सांगलीहून साताऱ्याला हलवलं. व्हेरिएबलचं नाव बदललं की काम झालं, अशी आम्हा लोकांची एक समजूत असते!

आणि प्रिंट काढून भाऊबीजेला ताईच्याच हातात दिली. (धाडस म्हणा, मूर्खपणा म्हणा.)

ताई लसूण सोलत होती. वाचताना दोनतीनदा हसली. नेमकी जिथे हसायचं नव्हतं तिथे.

"हे बघ. 'मी खिडकीत बसून कोसळणारा पाऊस पाहत राहिले.' अरे, पाऊस आला की मी गच्चीवर पळते, वाळत घातलेले कपडे काढायला. बघत कोण बसतंय?"

"गोष्टीत चालतं गं असं."

"चालत असेल. पण मग ही ती बाई नाहीये. हा तूच आहेस, माझा गाऊन घालून."

आता यावर काय बोलणार? तेवढ्यात तिचं बोट पुढच्या वाक्यावर. 'माझी स्वप्नं मी गुंडाळून माळ्यावर टाकली.' (या वाक्यावर मी स्वतःच खूश होतो.)

"असं स्वतःशी कुणी बोलतं का? खरं सांगू? तेव्हा पहिल्यांदा वाटलं, सुटले त्या जर्नलांतून. रडू आलं ते खूप नंतर. आणि तेही मिक्सर बिघडला म्हणून."

मिक्सर! मला सात जन्मांत सुचलं नसतं.

निघताना मी चपला घालत होतो तर दारातून म्हणाली, "आणि हिचा भाऊ कुठाय रे?"

बसमध्ये बसल्यावर कागद काढून पाहिले. भाऊ होता. एका वाक्यात. 'धाकटा भाऊ तेव्हा इंजिनिअरिंगला होता.' बस्स.

पुण्याला आल्यावर दोन वीकेंड कथेला हात लावला नाही. त्याऐवजी हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' काढून बसलो. कॉलेजात असताना वीस पानांत सोडून दिली होती, जुनी भाषा म्हणून. आता वाचताना एक हिशेब केला आणि जरा चपापलोच. हरिभाऊंचा जन्म 1864 चा. 1890 मध्ये त्यांनी 'करमणूक' साप्ताहिक काढलं आणि त्यातच ही कादंबरी क्रमशः सुरू केली. म्हणजे वय वर्षं सव्वीस! माझ्याहून लहान. आणि हा सव्वीस वर्षांचा पुरुष लिहितोय कोण होऊन? तर यमू नावाची एक ब्राह्मण घरातली मुलगी, जी पुढे विधवा होते, होऊन.

हरिभाऊ सुधारक विचारांचे. केशवपनावर त्यांना एक खणखणीत व्याख्यान ठोकता आलं असतं. पण यमूला सुरुवातीला माहीतच नाही की आपण एखाद्या 'प्रश्ना'तलं पात्र आहोत! ती आपली घरातल्या गोष्टी सांगतेय. कोण कुणाला काय बोललं, दादा काय म्हणाला. मोठ्या माणसांची बोलणी तिच्या कानावर पडतात आणि तिला अर्धीच कळतात. वाचणाऱ्याला मात्र पूर्ण कळतात, आणि पोटात गोळा येतो तो तिथे. पुढचं सगळं हरिभाऊंना ठाऊक होतं, पण त्यातलं काहीही त्यांनी त्या पोरीला आधी सांगितलेलं नाही. माझी नायिका मात्र पहिल्याच पानावर स्वतःच्या आयुष्याचा निष्कर्ष काढून मोकळी झाली होती.

खांडेकरांची 'ययाति' (1959) पण आठवली. ययाति, देवयानी, शर्मिष्ठा, तिघंही आपापलं सांगतात. देवयानी बोलत असते तेव्हा ती वाईट नसते, तिचा अपमान झालेला असतो. असो. ते पुन्हा कधीतरी.

तर भाऊ. 2015 मध्ये त्याचा इंजिनिअरिंगचा प्रवेश आणि तिचं एमएस्सी एकाच उन्हाळ्यात आलं. बाबा म्हणाले, "आधी याचं होऊ दे." घरात कुणी भांडलं नाही, आवाज चढवला नाही. कदाचित म्हणूनच माझ्या कथेत ते आलं नसेल. मला ती सगळी 'परिस्थिती' वाटत होती. परिस्थितीत मी कुठे येतो?

ताईला फोन केला. त्या दिवसांतलं काय आठवतं, एवढंच विचारलं. दुःख वगैरे शब्द मुद्दाम टाळले.

"तुझा ऑप्शन फॉर्म," ती म्हणाली. "कॅफेत बसून मीच भरला ना. कॉलेजांचे ते कोड एकेक करून टाकायचे. सारखी धास्ती, लाइट गेली तर सगळं परत. आणि तुझ्या नावाचं स्पेलिंग मार्कलिस्टशी जुळतंय का ते चार वेळा पाहिलं."

"आणि तुझा फॉर्म?"

"फाइलमध्येच होता की. त्याच पिशवीत."

हे सांगताना तिचा आवाज जराही हलला नाही. मागे कुकरची शिट्टी झाली, "थांब हं" म्हणून गेली, परत आली आणि माझ्या पीएफचं विचारायला लागली.

त्या रविवारी पाऊस काढून टाकला, माळा काढून टाकला. कॅफे लिहिला. उकाडा, चिकट कीबोर्ड, तिचं स्क्रीनवरचं बोट, मांडीवर पिशवी. पिशवीत काय आहे त्यावर तिला विचार करायला लावला नाही, कारण तिचं सगळं लक्ष कोडकडे होतं. तिच्या शेजारच्या खुर्चीवर धाकटा भाऊ बसवला, थोडा घाबरलेला, तिच्याकडे बघत असलेला. चार पानं झाली. रात्रीच तिला पाठवली.

सकाळी स्टँडअपच्या आधी उत्तर आलं होतं.

"छान झालंय. दोन चुका. कॅफेवाला तासाला वीस रुपये घ्यायचा, पंधरा नाही. आणि तू आला नव्हतास. पिक्चरला गेला होतास मित्रांबरोबर. मी एकटीच होते."

वीस रुपये लगेच दुरुस्त केले. खुर्चीचं अजून चाललंय.